नाड्याखालचा तंग

पडल्याचं मला काही वाटत नाही. घोड्यावर बसणारा माणूस कधी ना कधी पडतोच. मला राग आहे तो पडल्यानंतर माझ्याबद्दल जे बोललं गेलं त्याचा, आणि तो राग अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मला घोड्यावर बसायची हौस आली. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रविवारी पिंपळे गुरवच्या घरात स्वतःच्या चुका ऐकायच्या, याचा कंटाळा आला होता. कुरुळीत एका गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीला लागून घोड्यांचा तबेला आहे असं कळलं आणि मी गेले. मालक गावच्या जुन्या घरातला. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने घोडे बांधले. सगळे त्याला दादा म्हणायचे. तो माझ्याहून लहान असूनही मीसुद्धा दादाच म्हणू लागले. त्याची बायको सगळ्यांची वहिनी. घोड्यावरून उतरलं की वहिनी चहा आणायची आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण व्हायचं. घोडे अर्धा तास चालायचे, जिभा दुपारपर्यंत.

त्या रिंगणात माझी मैत्रीणही असायची. तिला तबेल्यात मीच नेलं. आमच्याच सोसायटीतली, समोरच्या विंगमधली. पडण्याच्या दोन वर्षं आधी माझी पिशवी काढली, म्हणजे गर्भाशयच काढून टाकलं, तेव्हा हॉस्पिटलात माझ्याजवळ हीच बसली होती. नवऱ्याचं ऑफिसात क्लोजिंग होतं आणि सासूबाईंना हॉस्पिटलचा वास सहन होत नाही. हिने मला मुगाचं कढण भरवलं, माझे केस विंचरले. हे मी मुद्दाम सांगतेय. ही बाई मला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त आतून बाहेरून ओळखत होती.

तबेल्यात तिच्या वाट्याला एक पांढरा म्हातारा घोडा आला होता. रेशनच्या रांगेत उभं राहायला निघाल्यासारखा चालायचा. मला दादाने तांबडी घोडी दिली. त्याच वर्षी आणलेली, तरणी, अंगावरून हात फिरवला की कातडी थरथरायची. मी खिशात गूळ न्यायचे. मी गेटातून आत शिरले की ती खिंकाळायची, आणि खरं सांगते, त्या काळात मला बघून आनंद होणारं दुसरं कोणी नव्हतं. मैत्रीण हसत म्हणायची, "तुझं बाई नशीब, आम्हाला मेलं म्हातारंच मिळतं." तिच्या पोटात दुखतंय हे मला कळत होतं. पण मैत्रिणींत एवढं चालायचंच, असं मी धरून चालले.

आता दसऱ्याचं. तबेल्यात दसऱ्याला सकाळी घोडे धुवून, खोगीर चढवून ओळीने उभे करतात. खोगिराला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मग घोडा, खोगीर, लगाम सगळ्यांची पूजा. पूजा झाली की पोटाखालून येणाऱ्या पट्ट्याच्या बकलावर दादा लाल नाडा बांधतो आणि त्यावर कुंकवाचं बोट ओढतो. त्या पट्ट्याला तंग म्हणतात. खोगीर घोड्याच्या पाठीवर टिकतं ते त्याच्याच जिवावर. आणि दादाच्या घरची रीत अशी, की एकदा नाडा बांधला की शिलंगण करून, गावची शीव ओलांडून परत येईपर्यंत तो सोडायचा नाही. आजोबांपासून चालत आलंय म्हणे.

रीत असायला माझी हरकत नाही. आमच्या कंपनीतही खंडेनवमीला मशीनला हार घालतात, कुंकू लावतात, पेढे वाटतात. पण खोगीर चढवताना घोडी पोट फुगवते. कुठल्याही घोडेवाल्याला विचारा. थोड्या वेळाने ती श्वास सोडते, पोट आत जातं आणि तंग ढिला होतो. म्हणून बसायच्या आधी तो पुन्हा आवळायचा असतो. एरवी दादा स्वतः दोनदा आवळायचा. दसऱ्याला मात्र पहिल्याच आवळणीवर नाडा बसायचा. बाकीचे घोडे म्हातारे, पोट फुगवायचा उत्साह त्यांच्यात उरलेला नव्हता, त्यामुळे आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तांबडीचा हा पहिलाच दसरा.

मी नऊवारी नेसले होते. नथ, फेटा, वर गॉगल. हसू नका, आमच्याकडे दसऱ्याला बायकांनी असं घोड्यावर बसून फोटो काढायची आता रीतच झालीय, आणि मैत्रीणही तशीच नटून आली होती. बसायच्या आधी मी सवयीने तंगाखाली हात घातला. अख्खा पंजा आत गेला.

"दादा, तंग ढिला आहे," मी म्हटलं.

"न्हाई मॅडम, नाडा बांधलाय. आता शिलंगण केल्याबिगर सोडायचा न्हाई."

"अहो, पण बघा ना, हात जातोय."

"आपल्याला काय शर्यत लावायचीये का? चालत जायचं, चालत यायचं. बसा तुमी, देव हाय."

मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. मला वर चढता यावं म्हणून तिने पाय ठेवायची रिकीब धरली होती. तिने सगळं ऐकलं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा, आणि ती म्हणाली, "बस गं, सगळे थांबलेत." कंपनीत एक बोल्ट ढिला दिसला तर मी अख्खी लाइन थांबवते. तिथे मी नऊवारीचा काष्टा सावरला आणि बसले.

शिवेजवळ गोदामाच्या कोपऱ्यावर ट्रकची ताडपत्री वाऱ्याने फडफडली. घोडी बिचकली आणि बाजूला सरकली. बास, एवढंच. उधळली नाही, मागचे पाय झाडले नाहीत. पण खोगीर गर्रकन फिरलं आणि मी खोगिरासकट तिच्या पोटाखाली गेले. पाय रिकिबीत अडकला. खुबा मोडला आणि खांद्याचं हाड. घोडी बिचारी माझ्या अंगावर पाय पडू नये म्हणून तीन पायांवर नाचत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माणसं मोबाइल काढत होती, तेही पाहिलं. संध्याकाळी ते पडणं गाणं लावून कुणाच्या तरी स्टेटसवर फिरत होतं.

ऑपरेशन झालं, खुब्यात प्लेट आणि स्क्रू आले. मी घरी पडून राहिले. दिवाळीनंतर वहिनी बघायला आली. नारळ, केळी, डोळ्यांत पाणी. पलंगाच्या कडेला बसली, माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमाला अडचण व्हती तर सांगायचं न्हाई का? आमी काय म्हटलं असतं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. मला म्हणे पाळी आली होती, त्या अवस्थेत मी पूजेच्या खोगिरावर बसले, विटाळ झाला, आणि मुक्या जनावराला ते खपलं नाही. म्हणून घोडी उधळली. घोडी उधळली म्हणून मी एका बाजूला लोंबकळले. मी लोंबकळले म्हणून खोगीर फिरलं. झालं! तंगाचा कुठे विषयच नाही.

"कोण म्हणालं असं?"

"तुमच्या मैत्रिणीनंच सांगितलं. त्यांना लई वाईट वाटत व्हतं. म्हणल्या, मला ठावं व्हतं, मीच तिला आडवायला पायजे व्हतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उठता येत नव्हतं म्हणून, नाहीतर त्याच नारळाने मी काहीतरी फोडलं असतं. पिशवीच नाही हो माझ्या पोटात! आणि हे जगात ज्या चार माणसांना माहीत, त्यातली एक ती.

वहिनी गेल्यावर मी घरात सांगितलं. नवरा म्हणाला, "सोड ना. कशाला विषय वाढवतेस? तुला कुठे परत जायचंय तिथे?" सासूबाई दिघीच्या, जुन्या घरातल्या, बोलायला फटकळ. मला वाटलं, निदान त्या तरी चिडतील. त्या म्हणाल्या, "हे बघ, पिशवी काढलीय म्हणून गावभर सांगण्यापेक्षा अडचण व्हती म्हटलेलं बरं. अडचण चार दिवसांची असती. पिशवी न्हाई म्हटलं की बाई कायमची बाद." आणि निवांत लसूण सोलत बसल्या. ते बोलणं खुब्यातल्या स्क्रूपेक्षा जास्त लागलं. मी तोंड भिंतीकडे करून रडले.

मैत्रीण आली ती डिंकाचे लाडू घेऊन. वर म्हणते कशी, "किती गं वाळलीस."

मी सरळ विचारलं, "मी तंग ढिला आहे म्हणाले ते तू ऐकलंस ना?"

"मला नीट आठवत नाही गं. किती गडबड होती."

"आणि मला पाळी नव्हती हे आठवतं का? की माझी पिशवी बरणीत भरून डॉक्टरांनी दाखवली होती तेव्हाही गडबडच होती?"

ती माझ्या पांघरुणाची घडी नीट करत म्हणाली, "दादांना लोक नावं ठेवायला लागले होते. माणसं यायची बंद झाली असती. तबेलाच बंद पडला असता गं. तुझं काय, तू तर पडलीच होतीस."

तू तर पडलीच होतीस! म्हणजे पडलेल्या माणसावर आणखी थोडं टाकलं तर काय बिघडतं? मी लाडवांचा डबा तिच्या हातात परत दिला. मला तिच्याकडून एकच वाक्य हवं होतं. त्या रिंगणात बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तंग ढिला होता, हिने सांगितलं होतं, मी ऐकलं." एवढंच. माफी नको, लाडू नकोत. त्यानंतर अंथरुणात पडल्यापडल्या मी दुसरा कसला विचारच करत नव्हते.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर एका रविवारी मी रिक्षा करून कुरुळीला गेले. रिंगण बसलेलंच होतं. मला बघून सगळ्यांची तोंडं एकदम गोड झाली. "या या, बसा, किती सुधारल्या मॅडम!" कोणीतरी खुर्ची दिली. तांबडी समोर बांधलेली होती आणि तिच्या पाठीवर खोगिराखाली घालायचं मैत्रिणीचं निळं पॅड होतं. म्हातारा पांढरा आता एका नव्या बाईच्या गळ्यात मारला होता. मी बसले नाही.

"सगळ्यांना सांगते," मी म्हटलं, "मला अडचण नव्हती. असूच शकत नाही. माझी पिशवी दोन वर्षांपूर्वी काढलीय. तंग ढिला होता, मी दादांना सांगितलं होतं, आणि ही शेजारी उभी होती. विचारा तिला."

सगळे मैत्रिणीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता. आता तरी बोलेल. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "मी हिचं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईच्या जातीचं खाजगी असतं. म्हणूनच मी अडचणीचं बोलले, झाकायला. आता तीच बोलली, मी काय करू?"

बघा कशी बाई! एका फटक्यात तिने माझी अब्रू राखणारी होऊन दाखवलं. रिंगणातल्या एका बिल्डरच्या सुनेने तिच्या पाठीवर हात ठेवला. वहिनीने तिला पाणी दिलं. दादा म्हणाला, "मॅडम, झालं गेलं गंगेला मिळालं. च्या घ्या." तंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी काठी टेकत गेटापर्यंत पोचले नसेन, तोवर मागे सुरू झालं होतं. मुद्दाम दबक्या आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत.

"तरीच. पिशवी काढली की हाडं ठिसूळ होतात."

"वजन पण वाढतं ना. घोडीला पेलवलं नसेल."

"मग अशा बाईने बसावंच कशाला?"

"घरात लक्ष नसेल, नवरा विचारत नसेल, मग येतात असल्या हौशी."

कुणीतरी हसलं. अडचण गेली, पिशवी आली, मी मात्र तिथेच. सासूबाईंचं खरं ठरलं म्हणून मला त्यांचाही राग आला.

त्यानंतर मी जाणार नव्हते. डॉक्टरांनी घोडा आयुष्यभर बंद केला होता. पण पुढच्या दसऱ्याला दादाचा मेसेज आला. त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना जातो तसलाच. आणि मला घोडीची आठवण आली. खोटं कशाला बोलू, दुसरंही एक होतं. मला बघायचं होतं की यंदा नाडा कसा बांधतात. कुठेतरी मनात होतं, दादा शहाणा झाला असेल, दोनदा आवळून मग नाडा बांधेल. तसं झालं असतं तर कुणी तोंडाने बोललं नसतं तरी मला चाललं असतं.

दादाने एकदाच आवळला. नाडा बांधला. कुंकवाचं बोट ओढलं. मागच्या वर्षीसारखंच.

मी गूळ घेऊन घोडीच्या पलीकडे, पत्र्याच्या भिंतीच्या बाजूला उभी होते. तिने माझ्या तळहातावरचा गूळ खाल्ला आणि नाक माझ्या दुखऱ्या खांद्याला घासलं. तिचं पोट आत गेलेलं मला दिसत होतं. तंगाखाली पोकळी होती. घोडीच्या दुसऱ्या बाजूला सगळे फेटे बांधण्यात, फोटो काढण्यात गुंतले होते. एवढ्यात मैत्रीण घोडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. नऊवारी, नथ, फेटा, गॉगल. मी आहे हे तिने बघितलं, पण थांबली नाही. तिने खोगिराची झडप वर केली, नाडा न सोडता वर सरकवला, गुडघा घोडीच्या पोटाला लावून तंग चांगला करकचून आवळला. मग नाडा परत खाली ओढून बकलावर बसवला. हात सराईत होता. वर्षभर ती काय काय विसरली नव्हती ते मला त्या हातावरून कळलं.

"नाडा हलवायचा नसतो ना?" मी म्हटलं.

तिने झडप खाली सोडली. गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते. अगदी साध्या आवाजात, भाजी काय केलीस विचारावं तसं, ती म्हणाली, "मला तुझ्यासारखं पडायचं नाहीये."

मी तिथल्या तिथे ओरडले. "दादा! हिने तंग आवळलाय! नाडा सरकवून आवळलाय, इकडे या, बोटं बघा हिची, कुंकू लागलंय!"

सगळे धावत आले. मैत्रिणीने दोन्ही हात पुढे केले. बोटं लाल होती. मग वहिनीने आपले हात बघितले, बिल्डरच्या सुनेने आपले, दादाने आपले. पूजा करून आलेल्या सगळ्यांचीच बोटं लाल होती. दादाने वाकून बघितलं. नाडा बकलावर, गाठ जशीच्या तशी. तो माझ्याकडे न बघता सरळ झाला. वहिनीने माझं कोपर धरलं आणि मला बाजूला नेत म्हणाली, "ताई, तुमी जरा लांब उभ्या ऱ्हावा. जनावर बिचकतंय तुमाला बघून."

घोडे गेले. मी गेटाजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. कोपऱ्यावर ताडपत्री होती, वारा होता. मी काय काय मागितलं देवाकडे, ते इथे लिहीत नाही. सगळे सुखरूप परत आले. मैत्रीण घोडीवर ताठ बसली होती आणि खोगीर तसूभरही हललं नव्हतं.

उतरल्यावर ती सगळ्यांना आपट्याची पानं देत फिरली. दादा घोडीच्या मानेवर थाप मारत माझ्यासमोर आला. रागावलेला नव्हता, समजावून सांगत होता. "बघा मॅडम. घोडी तीच, खोगीर तेच, नाडा बी तसाच. झालं का काय? तुमी उगंच वरीसभर आमच्या रीतीला दोष दिला."

रिंगणातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मैत्रिणीकडे बघितलं. अजूनही वेळ होती, एका वाक्याची तर गोष्ट. ती माझ्यासमोर आली, माझ्या हातात पान ठेवलं आणि वाकून, सगळ्यांदेखत, माझ्या पायाला हात लावला.

"सोनं घे," ती म्हणाली, "आणि आता सोड गं सगळं."

"केवढं मन आहे बाई हिचं," मागून वहिनी म्हणाली.